उलट्या लवेची मखमल

फेब्रुवारीतल्या एका दुपारी माझा नवरा आमच्या शेडमधल्या शर्यतीच्या गाडीत जाऊन बसला आणि त्याला बाहेर येता येईना. मला हे लगेच कळलं नाही. त्याने आतून हाक मारून चहा मागितला, तेव्हाही नाही.

"गाडीत चहा?" मी विचारलं.

"का, चालत नाही?" डेस म्हणाला. "जरा सवय करून घेतोय."

मी चहा नेला, दारातून त्याच्या हातात दिला आणि रंगाच्या डब्यावर बसले. शेड पत्र्याची, वर ऊन मी म्हणत होतं. डेसने चहा फार सावकाश प्यायला. मग बिस्किट मागितलं. मग जॅसिंटाच्या शाळेत सध्या काय चाललंय ते विचारलं. हा माणूस जेवणानंतर कुणाची चौकशी करत नाही, पेपर तोंडावर घेऊन पडतो. मी नीट पाहिलं तर त्याचा उजवा हात मांडीखाली होता आणि तो मांडी वर उचलायला बघत होता.

नोव्हेंबरात, आमच्याकडचा उन्हाळा आणि वणव्याचे दिवस यायच्या आधी, पन्हळीतली पानं काढताना तो शिडीवरून पडला होता. उजव्या खुब्यात सळई घातली. शेजारच्या ऑरेंज गावच्या डॉक्टरने तीन महिन्यांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. कुठली गाडी ते डॉक्टरने विचारलं नाही आणि डेसने सांगितलं नाही. शर्यतीच्या गाडीची खुर्ची म्हणजे खोल टोपलं असतं. दोन्ही बाजूंना उंच कडा, शेजारी लोखंडी पिंजऱ्याचा दांडा. आत पडायला सोपं. बाहेर यायचं तर आधी खुबा त्या कडेवरून उचलून टाकावा लागतो.

"डेस, तुला उठता येत नाहीये ना?"

त्याने कपात बघितलं. "येतं गं. आज येत नाहीये, इतकंच."

मी सेमिसीला फोन केला. सेमिसी टोंगा बेटांवरचा, टायरच्या दुकानात काम करतो आणि शर्यतीत आमच्या गाडीची चाकं बदलतो. अंगाने एवढा की आमच्या स्वयंपाकघरात तो आला की मी बाहेर जाते. तो लगेच आला. दारातून दोन्ही हात आत घातले आणि टबातून मूल काढावं तसं डेसला काढून उभं केलं.

"काका, दिसता त्यापेक्षा हलके आहात," एवढंच म्हणाला.

डेस घरात गेला, टीव्ही लावला आणि आवाज बंद ठेवून बघत बसला.

मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. आमची शर्यत दरवर्षी आमच्याकडच्या शरदात, म्हणजे एप्रिलात, आमच्याच डोंगरावर. एरवी तो रस्ता सगळ्यांचा, आम्ही भाजी आणायला तिथून जातो. शर्यतीच्या दिवशी पेट्रोल भरायला गाडी पिटमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या थांब्यात, आली की तिच्याजवळ एकजण आग विझवायचं नळकांडं घेऊन उभा लागतो. आमच्याकडे तीस वर्षं ती मी. अंगभर जाड पोशाख, डोक्यावर टोप, फक्त डोळे उघडे. बाकी सगळ्यांना घाई असते. माझं काम उभं राहायचं. त्याची खीळ काढायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. पण नवरा आत पट्ट्यांनी बांधलेला, बाजूला पेट्रोलचा पाइप, आणि मी बघतेय, असं तीस वर्षं चाललं होतं. मला भीती वाटते हे मी डेसला कधी सांगितलं नव्हतं. तो विषय निघालाच नाही.

शनिवारी जॅसिंटा आली. आमची एकुलती एक. लिथगोच्या शाळेत मुलांना सुतारकाम शिकवते आणि शर्यतीत बापाबरोबर आळीपाळीने गाडी चालवते. उजवा पाय ताठ धरून ती पाच-सहा वेळा खुर्चीत बसली आणि उठली.

"बाबा, तुला गाडी चालवता येते. फक्त उतरता येत नाही."

"तुझ्या आईला विचार," डेस म्हणाला. "मला कुठे थांबायचं कळत नाही, हे ती लग्नापासून सांगतेय."

गंमत सोडली तर अडचण खरी होती. शर्यतीआधी तपासणी असते. हेल्मेट घालून, पट्टे बांधून बसायचं आणि खूण झाली की दहा मोजायच्या आत स्वतःच्या पायांनी बाहेर यायचं. आलं नाही तर गाडी चालवू देत नाहीत. आणि ते बरोबरच आहे.

स्वयंपाकघरात जॅसिंटा माझ्याजवळ आली. "आई, त्याला नको म्हणायचं असेल तर तू म्हण. माझ्याने होणार नाही."

"मी म्हटलं तर तो हो म्हणेल," मी म्हटलं. "आणि मग रोज त्या शेडमध्ये जाऊन बसेल. बाहेर कोण काढणार त्याला? सेमिसीला काय रोज बोलवायचं?"

ती हसली नाही. "मग?"

"मग काय. बसणारच असेल तर बाहेर यायची सोय करू."

माझ्या मनात एवढंच होतं. त्याने शर्यत जिंकावी असं मला कधीच वाटलं नाही, आणि तशी तो कधी जिंकलाही नाही.

पुढचे सगळे शनिवार-रविवार शेडमध्ये गेले. जॅसिंटाने पिंजऱ्याच्या वरच्या दांड्याला एक पिवळा पट्टा बांधला, हाताने ओढून अंग उचलायला. खांद्यावरचे पट्टे सुटले की अंगावर लोळत राहायचे आणि डेसचा हात त्यांत अडकायचा. माझ्या पडद्यांच्या दुकानातलं चांगलं रुंद इलॅस्टिक घेऊन तिने ते असे जोडले की पट्ट्यांचं कुलूप उघडताच ते आपोआप बाजूला खेचले जावेत. स्टिअरिंग चाक तर निघतंच, त्याला अडकवायला आकडा केला. हे सगळं जमलं. खुबा मात्र कडेला अडायचा तो अडायचाच.

"त्याला वर उचलू या," जॅसिंटा म्हणाली.

शर्यतीवाले आपापल्या अंगाच्या मापाची गादी करतात. दोन रसायनं कालवून कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत ओततात आणि त्यावर माणसाला बसवतात. फेस फुगत जातो, अंगाभोवती भरतो आणि घट्ट होतो. डेस बसला आणि थोड्या वेळाने बेचैन झाला.

"अगं, हे खालून तापतंय."

"हलू नकोस बाबा, आकार वेडावाकडा येईल."

"मग बरोबरच येईल की."

गादी झाली. डेस दोन बोटं वर आला. पण फेस खरखरीत, खुबा त्यावरून सरकेना. मग सेमिसीने गादीवर गुळगुळीत प्लॅस्टिक ताणून लावलं आणि डेस असा बाहेर आला की सेमिसीनेच त्याला झेलला. आम्ही सगळे खूश. जॅसिंटा तेवढी नाही. तिने बापाला परत बसवलं, पट्टे आवळले आणि खाली वाकून त्याचे घोटे धरून ओढले. तो कमरेच्या पट्ट्याखालून सर्रकन पुढे आला.

"उतारावर ब्रेक दाबलास की असाच जाशील," ती म्हणाली. "पट्टा पोटात रुतेल."

सेमिसी प्लॅस्टिक काढायला लागला. म्हणजे गादी निसरडी हवी, पण एकाच बाजूला, दाराकडे. पुढे नको, आत नको.

ती तशी कशी करायची ते मला त्याच दिवशी सुचलं असं नाही. मी पडदे शिवते, गाड्यांच्या गाद्या नाही. दोन दिवसांनी दुकानात एका बाईला मखमल दाखवत होते, तिच्यावरून हात फिरवला आणि हात तसाच थांबला. मखमलीला लव असते. लवेच्या बाजूने हात पाण्यावरून गेल्यासारखा जातो आणि उलटा फिरवला की अडतो. पडदेवाली सगळ्यात आधी हेच बघते, कारण एक पट्टी उलटी लागली की पडदा दोन रंगांचा दिसतो. गावच्या नाट्यगृहाचा रंगमंचाचा पडदा मी शिवला होता. त्याची जाड, गडद लाल मखमल उरलेली होती. रंगमंचाचं कापड आग न धरणारं असावं लागतं, तशी ती होती.

मी गादीला मखमलीचा अभ्रा केला आणि मांडीखालच्या भागाला, पुढे घसरू नये म्हणून, रखरखीत चामडं लावलं. शनिवारी डेस मोठ्या ऐटीत बसला, पिवळा पट्टा ओढला आणि दाराकडे यायच्या ऐवजी गिअरच्या बाजूला जाऊन रुतला. लव उलटी लागली होती.

सेमिसी हसत हसत जमिनीवर बसला. "काकू, काकांना कायमचं आत ठेवायचं ठरवलंय का?"

इतकी वर्षं मखमल शिवून मी अशी चूक कशी केली, हे जॅसिंटाने विचारलं नाही. मीही स्वतःला फार विचारलं नाही. सगळी शिवण उसवली आणि पुन्हा घातली.

या खेपेला तो बाहेर आला. डौलाने नाही. सेमिसीच्या मते गाईला वासरू होतं तसा. पण आला, आणि आपल्या पायांवर उभा राहिला, आणि पुन्हा करून बघतो म्हणाला, आणि जेवणवेळेपर्यंत करत राहिला.

तपासणीला सिडनीहून आलेली एक तरुण बाई होती. तिने गादी उचलून बघितली. "हे काय आहे?"

"मखमल," मी म्हटलं.

"पेटेल."

मी कातरलेला तुकडा बरोबर नेला होता. काडी ओढून त्याला लावली. कडा काळी पडली, पुढे काही नाही. मग तिने लव आडवी का म्हणून विचारलं, गादीवरून हात एकदा असा, एकदा तसा फिरवला, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ फिरवत राहिली. मग डेसला बसवलं. पहिल्यांदा त्याचं हेल्मेट दांड्याला आपटलं आणि वेळ टळून गेली.

"पुन्हा करा," ती म्हणाली. "घाई करू नका."

"घाईचीच तर परीक्षा आहे, बाई."

ती हसली, तोही हसला, आणि दुसऱ्यांदा जमलं.

शर्यतीच्या सकाळी गवतावर दहिवर होतं. सुरुवात डेसने केली. तासभर सगळं नीट चाललं. गाडी पिटमध्ये यायची वेळ झाली म्हणून मी पोशाख चढवून, नळकांडं घेऊन तयार होते. तेवढ्यात जॅसिंटाच्या कानातल्या रेडिओवर तो बोलला. तिने आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं.

"आत धूर येतोय."

"कुठून, बाबा?"

"पुढून. दिसत नाहीये नीट. वर आहे मी, कडेला घेतोय."

मग आवाज बंद झाला. बाहेर यायचं तर हेल्मेटमधल्या रेडिओची तार काढावीच लागते, हे मला माहीत होतं. माहीत असून काही उपयोग झाला नाही. जॅसिंटा "बाबा, बाबा" म्हणत राहिली. पिटमधून डोंगराचा माथा दिसतो, झाडं दिसतात; तिथे उभी राहिलेली गाडी दिसत नाही. मी मनात एकेक गोष्ट करत होते. चाक काढलं. आकड्याला लावलं. कुलूप उघडलं. पिवळा पट्टा धरला. सेमिसीने नंतर सांगितलं की मी उभ्या उभ्या उजवा खुबा हलवत होते.

तो माझ्याजवळ आला. "काकू, नळकांडं खाली ठेवा. जड आहे."

"असू दे."

"इथून त्याचा उपयोग नाही."

"माहीत आहे. असू दे."

त्याने खालून हात लावला आणि आम्ही दोघांनी ते धरून ठेवलं. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. मग पिटच्या भिंतीकडून एक अधिकारी धावत आला आणि दुरूनच अंगठा दाखवला. चालक बाहेर आहे, भिंतीमागे उभा आहे, ठीक आहे. आग नव्हती. तेलाच्या नळीचा पट्टा सैल होऊन तेल तापलेल्या धुराड्यावर ठिबकत होतं.

गाडी ट्रकच्या मागे बांधून आणली. डेस ट्रकमध्ये पुढे बसला होता, हातात माथ्यावरच्या स्वयंसेवकाने दिलेला सॉसेज-पाव आणि खाली माझी लाल गादी.

"ही कशाला आणलीस?" मी विचारलं.

"ट्रकची सीट टणक आहे." तो हळूहळू खाली उतरला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "लोरेन, आलो बाहेर."

"दिसतंय."

"कसा आलो ते आठवत नाही. कुलूप उघडलं, आणि मी रस्त्यावर होतो." त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "रडतेस?"

"या टोपात घाम येतो."

"डोळ्यांतून?"

"डोळ्यांतूनही."

सेमिसीने आणि माझ्या भावाने, कीथने, नळी नीट बसवली. जॅसिंटा आत बसली. डेसने वाकून तिचे पट्टे आवळले, तार जोडली, पाण्याची नळी तिच्या तोंडाजवळ दिली आणि दार लावलं. आम्ही इतके मागे पडलो होतो की कुणी आमच्याकडे बघत नव्हतं. ती मात्र सुंदर चालवत होती. डेस माझ्याशेजारी टायरच्या ढिगावर मीट-पाय खात बसला. म्हणजे मटण भरून भाजलेली मोठी कचोरी, वर सॉस. फेरी संपवून ती समोरून गेली की दरवेळी तो चावायचा थांबायचा.

शेवटचा टप्पा त्याचा होता. वेळ जवळ आली तशी मी टोप उचलला.

"लोरेन, बसू का?" तो म्हणाला.

"ठरलंय ना तसं?"

"ठरलंय. पण तुला विचारतोय."

तीस वर्षांत हे त्याने कधी विचारलं नव्हतं. "मला भीती वाटते, डेस."

"आज?"

"पहिल्यापासून."

त्याने मीट-पाय कागदावर ठेवला. "मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

समोरून गाड्या जात होत्या. त्यांच्या आवाजात तो काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलंही नाही, कारण त्याचा चेहरा बघून ते काय असेल ते कळत होतं. आवाज कमी झाल्यावर तो म्हणाला, "नको म्हणालीस तर जॅसिंटाच पुढे चालवेल. तिला चालेल."

मी माथ्याकडे बघितलं. "बस. तुला बाहेर येता येतं. मी बघितलंय."

"तू कुठे बघितलंस? तू इथे होतीस."

"बघितलंय म्हणतेय ना."

जॅसिंटा आत आली आणि खुणेवर थांबली. सेमिसीने हवेचा पाइप गाडीच्या मागे खुपसला तशी गाडी पोटाखालच्या चार पायांवर टुणकन उभी राहिली. हवेच्या बंदुका घरघरल्या, जुनी चाकं निघाली, नवी बसली. जॅसिंटा बाहेर, लाल गादी आत, डेस आत. बाहेर येताना लव साथ देते, पण आत जाताना तीच अडवते. जॅसिंटाने खांद्याने ढकलून त्याला बसवलं, पट्टे ओढले आणि हेल्मेटवर टपली मारली. मग कीथने पेट्रोलचा पाइप लावला. वर, उंच ठेवलेल्या पेट्रोलच्या टाकीच्या दांड्यावर आणखी एकाचा हात होता. तो हात सुटला की पेट्रोल आपोआप बंद होतं. बाकीचे सगळे मागे सरले. मी पुढे झाले.

इतर वेळी चालक समोर बघतात, सोडायच्या खुणेकडे. डेसने मान वळवून माझ्याकडे बघितलं. टोपातून माझे डोळेच दिसत असणार. मी नळकांडं जरासं वर उचललं, जसा कुणी रस्त्यापलीकडच्या माणसाला हात करतो. त्याने मान हलवली. पाइप निघाला, गाडी खाली आपटली आणि गेली.

शेवटून तिसरे आलो. गाडी थांबवल्यावर डेस स्वतःच बाहेर आला आणि दार धरून श्वास घेत उभा राहिला.

"पुढच्या वर्षी?" जॅसिंटाने विचारलं.

"तुझ्या आईला विचार."

ती माझ्याकडे वळली. मी म्हटलं, बघू. एरवी हा शब्द मी नाही म्हणण्यासाठी वापरते. या वेळी मला खरंच बघायचं होतं.

केल्सोला आमच्या घरी पोचलो तोवर त्याचा खुबा पार आखडला होता. आमच्या साध्या गाडीतून त्याला उतरता येईना. त्याने हात पुढे केला. मी पाय घट्ट रोवून ओढलं. तो उभा राहिला, आणि हात न सोडता आम्ही दोघं पायऱ्यांपर्यंत चालत गेलो.